शिडाची बोट आणि आप्पांची गढी

११ फेब्रुवारी, रविवार
बोट बांधायची ठरलं. विकतची नाही, भाड्याची नाही. घरी, स्वतःच्या हातानं. तीही शिडाची.

झालं असं. ताई आणि दाजी लासूर स्टेशनहून आले होते. जेवताना आप्पा म्हणाले, औंदा धरणात पाणी लई कमी हाय, एप्रिलात गढी उघडी पडंल, एकडाव तिथं बसून यायचंय मरायच्या आधी. आमचं जुनं गाव वरुडथडी. जायकवाडीच्या पाण्यात गेलं तेव्हा आप्पा ऐन तिशीतले. घर, वावर, विहीर, सगळं खाली गेलं. गावामागची उंच गढी तेवढी कमी पावसाच्या सालात उन्हाळ्यात वर येते. चारी बाजूंनी पाणी आणि मधे मातीचं टेकाड. पावसाळ्यात परत बुडते.

दाजी लगेच म्हणाले, त्यात काय, काठावर मासे धरणारा कृष्णा हाय, त्याच्या नावेत बसवू, एखाद्या रविवारी जाऊन येऊ. दाजींना प्रत्येक गोष्ट सोपी वाटते. मी ठाम नकार दिला. ऐंशी वर्षांचा माझा बाप जाळ्यांच्या ढिगावर, मासळीच्या वासात बसून जाणार? मी म्हणालो, आप्पा, मी नेतो. अक्षय तृतीयेला. स्वतःच्या बोटीतून.

ताईनं विचारलं, तुला पोहता तरी येतं का? मी म्हणालो, पोहता येणाऱ्याला बोट कशाला लागेल? ताईनं आपलं ताट उचललं. आप्पा भाकरीचा तुकडा हातात धरून माझ्याकडं बघत राहिले. भरून आलं असणार.

१५ फेब्रुवारी
यूट्यूबवर एक दाढीवाला गोरा सापडला. त्यानं प्लायवूडची बोट गॅरेजमध्ये बांधली. बायको शेजारी उभी राहून हसते. शेवटी दोघं तळ्यात फिरतात. पूर्ण व्हिडिओ अठरा मिनिटांचा आहे. म्हणजे काम अवघड नाही.

मी वाळूजच्या कंपनीत सव्वीस वर्षं क्वालिटीत काढली. दुसऱ्याच्या कामातले दोष काढण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. असा माणूस स्वतः काम करतो तेव्हा दोष राहायचा प्रश्नच येत नाही. व्हीआरएस घेतल्यापासून माझी बायको मेघा मागं लागली होती की काहीतरी करा. आता करतोय, तर म्हणते हे नव्हे.

संकल्प: उद्यापासून सहाला उठणे. चहा दोनच वेळा. कुणाशी वाद नाही.

१६ फेब्रुवारी
सव्वाआठला उठलो. काल प्लॅनिंगमध्ये डोकं फार चाललं होतं, त्यामुळं.

मेघाशी वाद. पोर्चमधून तिची स्कूटी बाहेर काढायला सांगितली. तिचं म्हणणं, ती रोज पतसंस्थेत जाते, तिची स्कूटी उन्हात तापणार आणि तुमची बोट सावलीत? मी समजावून सांगितलं की हे आप्पांसाठी आहे. तिनं स्कूटी बाहेर काढली. आप्पांचं नाव घेतलं की घरात कुठलाही विषय मिटतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

३ मार्च
सामान आलं. व्हिडिओत मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात न कुजणारा, म्हटलंय; तो इथं मिळाला नाही. दुकानदार म्हणाला, साहेब, हा प्लाय बाथरूमच्या दरवाज्याला लागतो, रोज अंघोळीचं पाणी उडतं, काही होत नाही. पटलं. अंघोळीचं पाणी गरम असतं. धरणाचं तर थंडच असणार.

बोटीचं नाव काय ठेवावं यावर आठवडा गेला. आठवडा वाया गेला असं मेघा म्हणते. नाव ठरल्याशिवाय काम सुरू करणं मला शास्त्रशुद्ध वाटत नाही. अजून ठरलेलं नाही.

१९ मार्च
तळ तयार. खिळे, फेव्हिकॉल आणि वर एम-सील. एका बाजूला थोडा बाक आला आहे. पाणी वाकडं असतं तेव्हा बोट थोडी वाकडी असलेली बरी.

आप्पा रोज पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसतात. बघतात. आज म्हणाले, पुराच्या टायमाला आम्ही काहिलीत बसून गोदावरी पार करायचो. काहील म्हणजे गुळाची मोठी कढई. मी हसलो. म्हटलं, आप्पा, तुमचं मागासलेपण होतं ते. आप्पा म्हणाले, व्हय बाबा, तसंच आसंल. मग बराच वेळ गावाबद्दल बोलत होते. गढीवरून सगळी आळी दिसायची म्हणे. आजी कुठं शेण्या थापायची, ते दगड कुठले, सगळं. मी मापं घेत होतो, त्यामुळं नीट ऐकता आलं नाही. पुढं बोटीत निवांत ऐकू.

२८ मार्च
आप्पांना खोकला. सीझनल आहे.

मेघा दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, दम लागेल असं काही करू देऊ नका, थंडीवाऱ्यात, ओल्यात तर मुळीच नाही. मेघानं हे मला दोनदा सांगितलं. एकदा सांगितलं तरी कळतं मला. म्हणूनच तर बोटीत बसायची सोय उत्तम करायची. कृष्णाच्या नावेत ओली जाळी असतात. माझ्या बोटीत खुर्ची असेल.

७ एप्रिल
शिडाचं काम शफीभाईकडं दिलं. शफीभाई गाड्यांची सीट कव्हरं आणि ताडपत्र्या शिवतो, जुनी ओळख. व्हिडिओतलं कापड इथं मिळत नाही. क्रांती चौकातल्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं फ्लेक्स उतरवलेलं होतं, ते मंडपवाल्याकडून मिळवलं. जाड, चिवट, पाणी न पिणारं. शफीभाईनं ते जमिनीवर पसरलं. गॉगल घातलेले साहेब हात जोडून हसत होते, खाली पक्षाचं निशाण. शफीभाई म्हणाला, साब, ये तो बॅनर है, इसकू हवा नहीं लगती, ये हवा से लडता. मी म्हणालो, तू शिव. तो म्हणाला, हौ साब, सैलाब में कश्ती बनानेवाले नूह अलैहिस्सलाम के बाद तुम्हीच. अब्बा को कब ले जा रहे?

अक्षय तृतीयेला, म्हटलं. तो म्हणाला, जल्दी करो साब, अब्बा लोगों का भरोसा नहीं. हा माणूस उगाच अशुभ बोलतो.

२० एप्रिल
ताईचा फोन. गढी पूर्ण वर आली आहे म्हणे, दाजी बघून आले. आप्पांना आठ दिवस लासूरला पाठव म्हणाली, हवापालट होईल. पाठवून दिलं. बरंच झालं. आप्पा समोर बसले की हात चालत नाही. रोज तेच, कवा जायचं रं, कवा जायचं. माणसानं विश्वास ठेवावा.

संकल्प: आप्पा यायच्या आत डोलकाठी उभी करणे.

२९ एप्रिल
आप्पा परवाच आले. डोलकाठी झाली नाही. उन्हाचा तडाखा होता आणि माझा खांदा धरलाय.

पण आप्पा एकदम टवटवीत. ऊन लागून चेहरा काळवंडलाय, पण डोळे हसतात. जेवले पोटभर. मुख्य म्हणजे गढीचं नावच काढलं नाही. दोन दिवस वाट पाहिली, शेवटी मीच विषय काढला. तर म्हणाले, सावकाश कर बाबा, घाई नाय. चला! एकदाचा माझ्यावर विश्वास बसला. ताईकडं राहून आल्यावर स्वतःच्या मुलाची किंमत कळते, हे खरं.

४ मे, शनिवार
टेस्टिंग. क्वालिटीचा पहिला नियम, माल बाहेर पाठवायच्या आधी तपासायचा. बोट गळते का हे बघायला धरणापर्यंत जायची गरज नाही. आज आमच्या गल्लीत नळाची पाळी होती, चार दिवसांनी. हौद भरला, ड्रम भरले, मग पाइप सरळ बोटीत सोडला. बोट विटांवर ठेवलेली. काठोकाठ भरली.

एक थेंब खाली गळला नाही! पाणी आतून बाहेर जात नाही, तर बाहेरून आत कसं येईल? लॉजिक साधं आहे. गल्लीतली चार माणसं बघायला आली. एकानं विचारलं, मासे कधी सोडणार? दुर्लक्ष केलं.

९ मे, गुरुवार
उद्या अक्षय तृतीया. बोट निघू शकत नाही.

कारण बोटीत पाणी आहे. या वेळी नळाची पाळी चुकली, कुठंतरी मोठी पाइपलाइन फुटली म्हणतात. टँकरवाला फोन उचलत नाही. मी बोट रिकामी करायला गेलो तर मेघा दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, अहो, या पाण्यावर अख्ख्या घराचं धुणंभांडं आहे, एक बादली जरी फेकलीत तर मी माहेरी जाईन. मी म्हणालो, आप्पांना दिलेल्या शब्दाचं काय? तर आप्पाच म्हणाले, राहू दे रं, पाणी फेकू नगं. बोटीत भरलेलं पाणी धरणाकडं जायच्या आड आलं. दोष माझा नाही, महापालिकेचा आहे.

नवी तारीख: मृगाच्या आधी.

२६ मे
बोट अजून भरलेली, नळ आला की मेघा परत भरून घेते. शेजारची माणसंही आता कळशी घेऊन येतात. मेघानं बोटीवर जुनी साडी झाकलीय, डास होतात म्हणून. घराला बोटीचा केवढा आधार झाला, पण कुणी बोलून दाखवत नाही.

तळ विटांच्या मधे थोडा खाली आलाय. प्लायच्या कडा फुगल्यात. आप्पा वाकून हातानं तळ चाचपत होते. म्हणाले, सोमनाथ, लाकूड उकललंय का बघ. मी समजावलं. नवा माठ आणला की आधी पाणी भरून ठेवतो, मुरवतो, मगच तो तयार होतो. तशी ही मुरतेय. आप्पा म्हणाले, माठ मातीचा आसतोय. आणि खुर्चीत जाऊन बसले.

१६ जून
मृग लागून आठवडा झाला. बोट रिकामी केली. आतून काळी पडली आहे, वास येतो. दोन हात ऑइलपेंट मारला. आता कुणी ओळखणार नाही.

आप्पांचा दम वाढलाय. जिना चढत नाहीत. वातावरणामुळं.

ताईचा फोन. सोमनाथ, आता तो नाद सोड, आप्पांना झेपायचं नाही. मी म्हणालो, ताई, तुला वाईट वाटतंय की आप्पांची इच्छा मुलगा पुरी करतोय, मुलगी नाही. ती म्हणाली, तसं समज. आणि फोन ठेवला. सत्य लागतं माणसाला.

७ जुलै
शीड आलं. उभं केलं. साहेबांचा चेहरा उलटा लागला, गॉगल खाली. शफीभाईची चूक. तो म्हणतो, साब, तुम्हीच बोले थे निशान ऊपर. आता बदलायला वेळ नाही. दुरून कळत नाही.

नाव राहूनच गेलं. रेडियमवाल्याकडून फक्त ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ असं मागं लावून घेतलं. ट्रकला असतं तसं झालंय, पण भावना खरी आहे.

२१ जुलै
नाशिककडून पाणी सोडलं. बातमी आली. धरण चढतंय. गढी किती दिवस राहील सांगता येत नाही. पुढच्या रविवारी लॉन्चिंग. काहीही झालं तरी.

मेघा रडली. मला म्हणाली, डॉक्टर काय म्हणाले ते विसरलात का? मी म्हणालो, तासाभराचं काम, आणि आप्पांनाच विचार. ती आप्पांच्या खोलीत गेली. दाराबाहेरून ऐकू आलं. ती म्हणत होती, आप्पा, तुम्ही तरी नाही म्हणा, तुमचं तर झालं ना सगळं. आप्पा म्हणाले, राहू दे पोरी, त्यानं सहा महिनं घातलेत.

तुमचं तर झालं सगळं! म्हाताऱ्या माणसाला असं कुणी बोलतं का? आयुष्य संपलं असं तोंडावर सांगायचं? तिला नंतर रागावलो. ती भाजी निवडत राहिली. चूक कळली असावी.

२८ जुलै, रविवार, सकाळी सहा
(खरंच सहा. आज उठलो.) आभाळ भरलंय, वारा आहे. शिडाला वारा लागतोच. आप्पांनी नवं धोतर काढलं, टोपी घातली. आज इतिहास घडणार.

२९ जुलै
कालचं सविस्तर लिहून ठेवतो, कारण ताई आणि दाजी त्यांच्या पद्धतीनं सांगत सुटतील.

बोट छोटा हत्ती टेम्पोतून नेली. गेटमधून अलगद बाहेर आली, मापं मी आधीच घेतली होती. काठावर दाजी, ताई, मेघा, शफीभाई. शफीभाई दुआ मागत होता. कृष्णा त्याच्या नावेपाशी जाळं नीट करत बसला होता. मला म्हणाला, साहेब, गढी आता नाय दिसायची, पाणी चढलंय. धंद्याचा माणूस, त्याला वाटलं असणार मी त्याच्या नावेत बसेन. मी म्हणालो, मला दिसतेय. समोर पाण्यात उंचवटा होता, वर वेड्या बाभळी. स्वच्छ दिसत होता.

नारळ फोडला. मधोमध प्लास्टिकची खुर्ची दोरीनं पक्की बांधली होती. दाजींनी आप्पांना उचलून तिच्यात बसवलं. आप्पांना लाइफ जॅकेट घातलं. शिवाय सेफ्टी म्हणून उपरण्यानं कमरेला खुर्चीशी बांधलं, गाडीच्या सीटबेल्टसारखं. गाठ मी स्वतः मारली. ताई ओरडली, बांधू नको रे. घाबरट आहे.

बोट तरंगली. हे लिहिताना अजून अंगावर काटा येतो. तरंगली! शीड सोडलं. साहेब उलटे फडफडले. वाऱ्यानं आम्हाला आडवं नेलं, म्हणजे मला हवं होतं त्या दिशेला नाही, पण नेलं. थोड्या वेळानं सुकाणू तुटून हातात आलं. ते काम वल्ह्यानंही होतं. पायाशी पाणी दिसलं. मी आप्पांना म्हणालो, सुरुवातीला थोडं येतं, लाकूड फुगलं की बंद होतं. आप्पा म्हणाले, व्हय. पूजेचा तांब्या त्यांच्या पायाशी होता, तो घेऊन ते पाणी बाहेर टाकायला लागले. न सांगता. खोकत होते, पण हात थांबला नाही.

बाभळींच्या उंचवट्याजवळ आलो तेव्हा मी शीड ओढलं आणि म्हणालो, आप्पा, ही घ्या तुमची गढी. आप्पांनी तांब्या मांडीवर ठेवला. बराच वेळ बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग टोपी काढली, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, हीच. हीच रं बाबा. लई उपकार झालं तुझं.

आयुष्यात आप्पांनी मला असं कधी म्हटलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सहा महिन्यांचं सार्थक झालं.

पुढचं तांत्रिक आहे. तळाचा मधला सांधा एकदम उघडला. बोट उलटली नाही, हे नोंदवून ठेवतो. ती सरळ, आहे तशी, खाली बसली. कडा पाण्याच्या पातळीला आल्या आणि ती तिथंच थांबली. मी कड धरून लोंबकळत राहिलो. आप्पा खुर्चीत. पाणी छातीपर्यंत. जॅकेट त्यांना वर ओढत होतं आणि उपरणं खाली. मी गाठ सोडायचा प्रयत्न केला. ओली गाठ सुटत नाही. आप्पांचे ओठ निळे झाले होते आणि ते मलाच म्हणत होते, भिऊ नगं, भिऊ नगं.

कृष्णा आणि दाजी नाव घेऊन आले. किती वेळानं ते माहीत नाही, घड्याळात पाणी गेलं. कृष्णानं सुरीनं उपरणं कापलं.

निष्कर्ष: लॉन्चिंग यशस्वी. गढीदर्शन यशस्वी. परतीच्या प्रवासात सुधारणा हवी. प्लाय बदलणे.

१ ऑगस्ट
आप्पांना ताप. काढा दिला. मेघा माझ्याशी बोलत नाही. आप्पा बोलतात. आज म्हणाले, बोट काढली का बाहेर? म्हटलं, नाही, पाण्यातच आहे. म्हणाले, काढून घेऊन ये, परत नीट कर. बघा, त्यांनाच परत जायचंय.

५ ऑगस्ट
दवाखान्यात ठेवलं. न्यूमोनिया. मी डॉक्टरांना स्पष्टच विचारलं, भिजल्यामुळं का? ते म्हणाले, आता ते विचारून काय उपयोग. म्हणजे नाही. असतं तर हो म्हणाले असते.

संकल्प: आप्पा घरी आले की पोर्च धुऊन स्कूटी आत घेणे.

८ ऑगस्ट
ऑक्सिजन लावलाय. हात धरला तर त्यांनी माझा हात दाबला. ताकद आहे अजून. सुधारणा आहे. ताई बाहेर बाकावर बसून रडते. हिला सुधारणा दिसतच नाही.

११ ऑगस्ट
आप्पा गेले. पहाटे.

वय झालं होतं. हृदय आधीचंच थकलेलं, मार्चमध्येच डॉक्टर म्हणाले होते. समाधानानं गेले. इच्छा पुरी झाली होती. ती मी पुरी केली, एवढं एक आहे माझ्याकडं. बाकी कुणी काही म्हणो.

१३ ऑगस्ट
सकाळी राख सावडली. मी म्हणालो, गढीपाशी सोडायची. कृष्णाच्या नावेतून गेलो. मी, ताई, दाजी, मेघा. मडकं माझ्या मांडीवर. मी हात करून सांगितलं, त्या बाभळींकडं घे. कृष्णानं नाव उलट्या अंगाला वळवली. मी पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, साहेब, तो मुरमाच्या जुन्या खाणीचा ढिगारा हाय. गढी हिकडं व्हती.

मी म्हणालो, आप्पांनी ओळखली ती. माझ्यासमोर. हात जोडले त्यांनी. कृष्णा वल्हं मारत राहिला. दाजी पाण्याकडं बघायला लागले. मग ताई बोलली. म्हणाली, सोमनाथ, आप्पांनी गढी बघितली होती. एप्रिलात, माझ्याकडं आले होते तेव्हा. कृष्णानंच नेलं. दिवसभर बसले गढीवर. कुणाचं घर कुठं, पार कुठं, आजी कुठं बसायची, एकेक सांगितलं आम्हाला. भाकरी खाल्ली. टॉवेल तोंडावर घेऊन तिथंच झोपले घटकाभर. उठल्यावर म्हणाले, झालं माझं. आणि आम्हाला सगळ्यांना शपथ घातली. सोम्याला सांगू नका, त्याची बोट व्हायचीय.

मी मेघाकडं बघितलं. तिलाही माहीत होतं.

मी विचारलं, मग माझ्या बोटीत कशाला बसले? बघायचं काय राहिलं होतं त्यांचं?

नाव चालली होती. मेघा म्हणाली, तुम्हाला न्यायचं होतं ना.

कृष्णानं वल्हं थांबवलं. म्हणाला, हितं. खाली गढूळ पाणी, दुसरं काही नाही. मडकं मी धरून बसलो होतो. ताईनं ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि राख सोडली. मला जमलं नाही.

मुरमाच्या खाणीला हात जोडले त्यांनी, पायाखाली पाणी भरत असताना. मला बरं वाटावं म्हणून. आणि मला बरं वाटलं होतं. त्या दिवशी मला लई बरं वाटलं होतं.